जुनी गाडी दान, ८०जी आणि खानापूर तालुक्यातला एक ट्रस्ट : आमचा अनुभव

ज्या ट्रस्टनं आमची जुनी गाडी घ्यायला नको म्हटलं त्यांनाच पाचपैकी पाच स्टार देतेय, आणि का ते नीट सांगते, कारण मार्च आला की बेळगावात बऱ्याच घरांत हाच विषय असतोय की दारात नुसती उभी असलेली गाडी कुठल्यातरी संस्थेला देऊन टाकूया, पुण्य पण लागेल आणि टॅक्स पण वाचेल. ट्रस्ट छोटा आहे, जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन बघतात, नर्स ताई आणि एक दोन मदतनीस एवढीच माणसं. नाव इथं टाकत नाही, तिथल्या मॅडमनीच नको म्हणून सांगितलंय, मागं कुणीतरी नाव पसरवल्यावर लोक न विचारता जुने कपडे आणि मोडक्या खुर्च्या दारात ठेवून जायला लागले म्हणे. ज्यांना खरंच मदत करायची आहे त्यांना मी पर्सनल मेसेजवर सांगेन.

गाडी म्हणजे २०१२ची वॅगन आर, पेट्रोल, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंगची, दादाच्या नावावर. दादा पुण्यात नोकरीला आहे, गाडी इथं टिळकवाडीत बाबांसाठी ठेवलेली. बाबांचे गुडघे गेल्यापासून ती उभीच होती, बॅटरी उतरायची, टायर बसायचे, आणि आईचं एकच म्हणणं, भंगारात घालू नका, कुणाच्या तरी उपयोगाला येऊ दे. दादाला टॅक्सचं पण बघायचं होतं, ३१ मार्चच्या आत काहीतरी करूया म्हणाला.

आधी दादानं ऑनलाईन बघितलेल्या एका कार डोनेशनवाल्यांना फोन लावला. नाव घेत नाही. त्यांचं बोलणं ऐकायला फार गोड होतं, गाडी आम्ही घरातून उचलतो, मार्केट व्हॅल्यूचं ८०जी सर्टिफिकेट (देणगीवर इन्कम टॅक्सची सवलत मिळवायचा कागद) देतो, सगळी रक्कम टॅक्समधून वजा होते, आरसीचं, म्हणजे रजिस्ट्रेशनवरचं नाव बदलायचं, नंतर बघूया, तुम्ही फक्त सही करून कोरे फॉर्म द्या. आमच्या सीए काकांना विचारल्यावर ते पहिल्या वाक्यालाच थांबवून म्हणाले, ताई, वस्तू दिली तर ८०जी मिळतच नाही. कायद्यातच लिहिलंय की देणगी पैशाची पाहिजे. गाडी, धान्य, कपडे, औषधं, काहीही द्या, देणं चांगलंच आहे पण डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून वजावट, शून्य. पैसे पण चेक, एनईएफटी, यूपीआय असे बँकेतून गेले पाहिजेत, २,००० च्या वर कॅश दिली तर ती पण चालत नाही. म्हणजे गाडीच्या बदल्यात ८०जी सर्टिफिकेट देतो म्हणणारा माणूस एकतर कायदा जाणत नाही किंवा पावतीवर खोटं लिहिणार आहे, आणि खोट्या पावतीची नोटीस आपल्याला पण येते.

त्याहून मोठी गोष्ट मला ते आरसीचं वाटली. गाडी दुसऱ्याकडं गेली पण आरसीवर नाव आपलंच राहिलं आणि त्या गाडीनं कुणाला ठोकलं तर नुकसानभरपाईसाठी कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे आरसीवरचं नाव, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, गाडी मधल्या मधे कितीही हात फिरलेली असू दे. दान म्हणून दिलेली असली तरी हेच. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० नुसते सही करून कोरे कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी देवस्थानचा माणूस आला तरी नको, खरेदीदाराचं नाव पत्ता तारीख सगळं भरून, आपल्याकडं झेरॉक्स ठेवूनच द्या.

मग ही जाहिरात येते कुठून म्हणून मी जरा वाचत बसले. गाडी दान आणि टॅक्स असं शोधलं की येणारं बहुतेक सगळं अमेरिकेचं असतंय. न्यू जर्सीला माझी मावसबहीण आहे तिला विचारलं. तिकडं टॅक्सचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं म्हणून डिसेंबरमध्ये या जाहिरातींचा पूर येतो, संस्था ५०१(सी)(३) प्रकारची, म्हणजे तिकडची टॅक्समाफी असलेली धर्मादाय, पाहिजे, गाडी ते फुकट टो करून नेतात आणि बहुतेक वेळा लिलावात विकतात. तिकडं पण लोक आधी मनाला येईल ती किंमत लावायचे म्हणून २००५ पासून नियम बदलला, ५०० डॉलरच्या वर क्लेम करायचं असेल तर संस्थेनं गाडी जेवढ्याला विकली तेवढंच सहसा धरतात, आणि ते आकडे असलेला फॉर्म १०९८-सी संस्थेकडून यावा लागतो. संस्था गाडी स्वतः वापरणार असेल किंवा गरजू माणसाला अगदी कमी पैशात देणार असेल तरच बाजारभावाचा विषय येतो. शिवाय स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठराविक वजावट, घेणाऱ्याला याचा काही उपयोग नाही, खर्च एकेक करून दाखवणाऱ्यालाच. ही झाली तिकडची गोष्ट, तिकडच्या कायद्यातली. तेच मराठीत किंवा कन्नडात फिरवून इथं ३१ मार्चच्या नावानं विकायचं हे मला अजिबात पटत नाही, कारण याला भुलणारे बहुतेक रिटायर्ड लोक असतात, मनानं चांगले, द्यायची इच्छा असलेले.

आता ट्रस्टचं. आईच्या ओळखीतून नंबर मिळाला. मी फोनवर सांगितलं गाडी द्यायची आहे, तर मॅडम लगेच हो म्हणाल्या नाहीत. आधी विचारलं कुठली गाडी, कुठल्या सालची, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे, एलपीजी किट वगैरे काही बसवलंय काय. मग म्हणाल्या, "अहो, तुमची गाडी चांगली आहे हो, पण आम्हाला ती झेपणार नाही. पावसाळ्यात तिकडच्या वाटा तुम्हाला माहीतच आहेत. पेशंटला आडवं झोपवून न्यायचं तर वॅगन आरमध्ये जमत नाही, आम्हाला ओम्नी नाहीतर ईको पाहिजे, मागची सीट काढून. आणि दोन तीन वर्षांत तुमच्या गाडीला पंधरा वर्षं होतील, मग परत फिटनेस, परत रजिस्ट्रेशन, तो खर्च आम्ही कुठून काढू? तुम्ही विका, आणि जमेल तेवढे पैसे बँकेतून द्या, तुम्हाला ८०जी पण मिळेल आणि आमच्या ईकोला हातभार लागेल."

मला हे फार आवडलं. फुकट मिळणाऱ्या वस्तूला नाही म्हणणं सोपं नसतंय, त्यातून हातात पैसे कमी असलेल्या संस्थेला तर नाहीच. कितीतरी आश्रमांच्या आवारात दान आलेल्या गाड्या गवतात उभ्या असलेल्या मी स्वतः बघितल्यात, ड्रायव्हर नाही, पेट्रोलला पैसे नाहीत, इन्शुरन्स संपलेला, आणि देणाऱ्याला वाटतंय आपली गाडी सेवेत आहे.

विकायला वेळ लागला थोडा. चंदगडच्या एका पार्टीनं जास्त भाव सांगितला होता पण ते महाराष्ट्र पडलं, म्हणजे आधी इथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत), मग कोल्हापूरला परत रजिस्ट्रेशन, तिकडचा टॅक्स, आणि हे सगळं त्यांनी वेळेत केलं नाही तर नाव दादाचंच लटकणार. आपल्या सीमाभागात हा प्रश्न प्रत्येक गाडीला येतोय, माणसं सोयरीक करतात रोज या बाजूनं त्या बाजूला पण गाडीला मात्र राज्य बदललं की नवा जन्म. शेवटी वडगावच्या एका कुटुंबाला १,४०,००० ला दिली, केए-२२ मधलीच, ट्रान्सफर सरळ झाला, दादा सहीला आला तेव्हाच सगळं उरकलं. पैसे मुद्दाम दादाच्याच खात्यात घेतले कारण देणगी त्याच्या पॅनवर जायची होती, बाबांच्या खात्यातून गेली असती तर डिडक्शन बाबांचं झालं असतं. आणि घरची स्वतःच्या वापरातली गाडी विकून आलेल्या पैशावर कॅपिटल गेन टॅक्स नसतोय, हे पण सीए काकांनीच सांगितलं.

आता टॅक्सचा हिशोब, कारण यातच लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज आहे. आपल्या साध्या धर्मादाय ट्रस्टला दिलेल्या पैशाचे ५० टक्केच उत्पन्नातून वजा होतात, आणि त्यात पण एक मर्यादा आहे, बाकीची डिडक्शन काढून उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी धरतात. दादाचं ते उत्पन्न १४ लाखाच्या वर, म्हणजे १,४०,००० पूर्ण धरले, त्याचे अर्धे ७०,००० वजा, आणि तो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असल्यामुळं सेस धरून २१,८४० रुपये वाचले. बस. १ लाख ४० हजार दिले आणि बावीस हजाराच्या आत वाचले. हेच उत्पन्न ६ लाख असतं तर ६०,००० च धरले असते आणि ३०,००० वजा झाले असते.

त्यातून हे सगळं ओल्ड रिजीममध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या जुन्या, वजावटी मिळणाऱ्या पद्धतीत. दादा घरभाडं आणि इथल्या घराचं होमलोन असल्यामुळं ओल्डमध्ये आहे. न्यू रिजीममध्ये ८०जी मिळतच नाही, आणि आता ती डिफॉल्ट आहे, आपण वेगळं निवडलं नाही तर त्यातच जातो. २०२५-२६ पासून न्यू रिजीममध्ये १२ लाखापर्यंतच्या पगार-पेन्शनवर टॅक्स पण लागत नाही. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक पेन्शनर काकांना गाडी देऊन टॅक्स वाचवायचा प्रश्नच उरलेला नाही. त्यांना कुणी टॅक्सची भीती घालून मार्चमध्ये गाडी मागत असेल तर सरळ फोन ठेवा.

ट्रस्टची पावती एनईएफटी केल्यावर दोन तीन दिवसांत आली, कन्नड, मराठी, इंग्लिश तिन्ही भाषेत छापलेली, आईला स्वतः वाचता आली याचं तिला फार बरं वाटलं. त्यावर ट्रस्टचा पॅन, ८०जीचा नोंदणी नंबर, दादाचं नाव, पॅन, रक्कम, तारीख सगळं होतं. पावती असली तरी खरा कागद म्हणजे १०बीई सर्टिफिकेट, ट्रस्टनं इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर देणगीदारांची यादी भरली की ते निघतं, त्याची मुदत वर्ष संपल्यावर ३१ मे. यांनी मे महिन्यातच व्हॉट्सॲपवर पाठवलं, मागावं लागलं नाही. कुठल्याही संस्थेला पैसे देण्याआधी एवढं एक विचारा, १०बीई देतासा काय, तिथं उत्तर गुळमुळीत आलं तर ८०जीची आशा ठेवू नका.

ईको आली पावसाळ्याच्या तोंडावर, सेकंड हँडच, आमच्यासारख्या अजून काही लोकांच्या पैशातून. मॅडमनी आईला बोलवून घेऊन दाखवली, मागची सीट काढून स्ट्रेचर बसवलंय, बाजूला नर्स ताईंना बसायला जागा. त्याच आठवड्यात जांबोटीकडच्या एका आजीला बेळगावला सिव्हिलमध्ये आणलं म्हणे. आई अजून सगळ्यांना सांगत असते.

कमी काय वाटलं ते पण सांगते. त्यांची वेबसाईट नाही, बँकेचे डिटेल्स व्हॉट्सॲपवर मागावे लागतात, त्यामुळं पहिल्यांदा देणाऱ्याला शंका येणं साहजिक आहे. आम्ही इन्कम टॅक्सच्या साईटवर त्यांची नोंदणी तपासली, मगच पैसे पाठवले, आणि आमचं ऐकाल तर तुम्ही पण तसंच करा. ट्रस्टनं निदान नोंदणीचा नंबर आणि खात्याचा नंबर एका छापील कागदावर देऊन ठेवला तर बरं होईल, मी तसं मॅडमना बोललेय.

गाडी देणाऱ्या सगळ्यांना अजून दोन गोष्टी, कुणी सांगत नाही म्हणून. फास्टॅग बंद करायचा, नाहीतर नवा मालक टोलला गेला की पैसे आपल्या खात्यातून कटतात. आणि इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो, कंपनीकडून तेवढं पत्र मागून घ्या, पुढची गाडी घेताना लागतं. दादाचा ५० टक्के होता.

ट्रस्टला फोन करायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर करा, दिवसा सगळे गावात असतात आणि कणकुंबीकडं रेंज नसते.