जपानी निबंध तपासायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुढच्या सत्राची वर्गणी भरायची की नाही, हे याच आठवड्यात ठरवायचं आहे, म्हणून लिहायला बसले. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल मला बोलायचं आहे तो या प्रकारच्या कुठल्याही साधनात निघू शकतो. विद्यार्थी निबंध अपलोड करतात, आपण वाक्य निवडून शेजारी शेरा लिहितो, निकषांच्या तक्त्यात गुण भरले की बेरीज आपोआप होते. एवढं तुम्हाला माहीत असेलच.

दोष लक्षात आला तो कांजीच्या, म्हणजे चिनीतून जपानीत आलेल्या चिन्हांच्या, लेखी चाचणीत. 'नाओसु', म्हणजे दुरुस्त करणं, यातली कांजी बऱ्याच जणांनी एकाच पद्धतीने चुकवली होती. जपानी वळणात या कांजीची शेवटची रेघ डावीकडून खाली उतरते आणि तळाशी उजवीकडे वळते. यांनी तिथे नुसती लांब आडवी रेघ मारली होती आणि वरचा चौकोन तिच्यावर टेकवला होता. एखाद्याची चूक असती तर सोडून दिली असती, पण अर्धा वर्ग तीच चूक करतो तेव्हा तो आकार त्यांनी कुठेतरी पाहिलेला असतो. मी वर्गात विचारलं. एका मुलीने फोन पुढे केला आणि म्हणाली, "सेन्सेइ, हे तुम्हीच लिहिलंय." खरंच, तिच्या निबंधावरचा माझाच शेरा होता, 'काकिनाओशिते कुदासाइ', पुन्हा लिहा. आणि त्यातली 'नाओ' चिनी वळणाची होती. माझ्या संगणकावर तोच शेरा व्यवस्थित जपानी वळणात दिसतो, म्हणून मला कधी पत्ताच लागला नाही. ही कांजी शिक्षकाच्या शेऱ्यात जितक्या वेळा येते तितकी दुसरी क्वचितच येत असेल. सत्रभर मुलांच्या डोळ्यांसमोर चुकीचा नमुना होता.

कारण जुनं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, चिनी, जपानी आणि कोरियन लिपींतल्या समान चिन्हांना एकच क्रमांक दिला गेला. १९९२ सालच्या त्या पहिल्या एकत्रित संचात २०,९०२ चिन्हं होती. क्रमांक एक असला तरी तिन्हीकडची वळणं थोडी वेगळी आहेत, आणि कुठलं वळण दाखवायचं हे फॉन्ट ठरवतो. मजकूर जपानी आहे अशी नोंद पानावर नसेल आणि फोनची भाषाही जपानी नसेल, तर फोन बऱ्याचदा चिनी वळणाचा फॉन्ट उचलतो. 'होने', म्हणजे हाड, या कांजीत वरच्या भागातला छोटा कोपरा उलट्या बाजूला जातो. 'उमि', समुद्र, यात सरळ रेघेच्या जागी दोन ठिपके येतात. 'त्सुनो', शिंग, यातली उभी रेघ खालून बाहेर डोकावते. 'इमा', म्हणजे आता, यात आडव्या रेघेऐवजी तिरका ठिपका दिसतो. मुरलेल्या वाचकाचं यात काही अडत नाही. पण जो विद्यार्थी ही कांजी पहिल्यांदा बघतोय, त्याच्यासाठी समोर दिसेल तेच प्रमाण असतं.

मग कंपनीशी पत्रव्यवहार सुरू झाला. पहिलं उत्तर, ब्राउझर अपडेट करा. दुसरं, कॅशे पुसा. तिसरं, विद्यार्थ्यांनी आपापल्या फोनच्या भाषांमध्ये जपानी वर आणावी. तिसऱ्याने काम होतं हे खरं, पण घरात एकाच फोनवर अभ्यास करणाऱ्या मुलांना मी फोनची मांडणी बदलायला का लावू? एकच शेरा दोन फोनवर उघडून, शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवला. उत्तर आलं की दोन्ही ठिकाणी अक्षर तेच आहे, क्रमांक तपासला आहे. हे वाचून माझा संताप झाला. क्रमांक एकच आहे हे मला मान्य आहे, पण मुलं क्रमांक गिरवत नाहीत, आकार गिरवतात. शेवटी पानाला आणि शेऱ्याच्या चौकटीला जपानी भाषेची खूण लावा, एवढंच, कुठे आणि कशी तेही लिहून पाठवलं. तेव्हा कुठे तांत्रिक बाजूच्या कुणाला तरी ते उमगलं असावं. पुढच्या अपडेटनंतर निबंधाचा मजकूर सगळ्यांच्या फोनवर जपानी वळणात दिसायला लागला. शेऱ्याची चौकट मात्र तशीच राहिली, आणि तपासलेला निबंध पीडीएफ म्हणून उतरवला की त्यातले शेरेही चिनी वळणातच येतात. मुलं जपून ठेवतात ती तीच पीडीएफ.

इतकी काय कटकट, असं म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत. जपानच्या सांस्कृतिक कार्य विभागाने २०१६ मध्ये कांजीच्या आकारांबद्दल मार्गदर्शिका काढली, तिचा ते हवाला देतात. हाताने लिहिताना रेघ शेवटी थांबली की उसळली, थोडी लांब झाली की आखूड राहिली, एवढ्यावरून अक्षर चूक ठरवू नये, असं त्यात आहे. 'कि', म्हणजे झाड, यातल्या उभ्या रेघेला तळाशी हुकासारखा आकडा असला तरी चालतो आणि नसला तरी चालतो. मला ती मार्गदर्शिका मनापासून पटते, आणि आकड्यांसाठी गुण कापणं मला कधीच रुचलं नाही. पण ही सूट हाताच्या नैसर्गिक वळणाला आहे. नमुना कुठला दाखवायचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही. नित्य वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजी आहेत, आणि नवशिक्या त्यांतली प्रत्येक बघून बघूनच शिकणार आहे. वर्गात एक वळण, पाठ्यपुस्तकात तेच, आणि शिक्षकाच्या शेऱ्यात तिसरंच, हे चालणार नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी वर्गणी बंद करणार. पहिल्या सत्रानंतर तोच विचार होता. मत बदललं ते दुसऱ्या मसुद्याच्या सोयीमुळे.

यात चुकीला खूण लावता येते, दुरुस्ती न लिहिता. पार्टिकल, म्हणजे नामामागे लागणारा छोटा संबंधदर्शक शब्द, चुकला, क्रियापदाचं रूप चुकलं, शैली मिसळली, शब्द चुकला, अशा प्रत्येक प्रकाराला एक कळ. विद्यार्थी स्वतः दुरुस्त करून दुसरा मसुदा देतो, आणि दोन्ही मसुदे शेजारी उघडतात. कुठल्या खुणेचं काय झालं हे एका नजरेत दिसतं. लाल पेनाने कागदावर मी हे वर्षानुवर्षं केलं आहे, पण पहिला कागद घरी हरवलेला असायचा, आणि कोण काय शिकलं हे शोधायला वेळ नसायचा. व्याकरणाच्या दुरुस्तीचा उपयोगच नाही, असं भाषाशिक्षणाचे संशोधक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली मांडलं होतं, आणि १९९९ मध्ये त्याच क्षेत्रातल्या डेना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिलं. तो वाद आपल्यातल्या अनेकांनी वाचला असेल. माझ्या वर्गापुरतं चित्र मला आता स्पष्ट दिसतं. 'ते' रूपाची, म्हणजे वाक्यं जोडताना क्रियापद घेतं त्या रूपाची, खूण लावली की बहुतेक मुलं स्वतः सुधारतात. 'दे-सु' आणि 'मा-सु'च्या, म्हणजे नम्र शैलीच्या, निबंधात मध्येच साधं रूप घुसलं असेल, तर तेही सुधारतात. जागा दाखवणाऱ्या 'नि' आणि 'दे'मध्ये निम्मं काम होतं. पण विषय दाखवणारा 'वा' आणि कर्ता दाखवणारा 'गा' यांवर खूण लावली की मुलं डोळे झाकून 'वा'चा 'गा' करतात आणि 'गा'चा 'वा'. कारण समजलेलं नसतं, फक्त हे चूक आहे एवढं कळलेलं असतं. शेजारी ठेवलेल्या मसुद्यांमुळेच हे इतकं लख्ख दिसलं. आता 'वा'-'गा'ला मी खूण लावत नाही. पूर्ण वाक्य लिहून देते आणि आधीच्या वाक्यात कोणाबद्दल बोलणं चाललं होतं ते विचारते. तपासायला जास्त वेळ लागतो, पण तो वेळ वसूल होतो.

गुणांच्या बाबतीतही एक गोष्ट फार आवडली. एकाच प्रकारची चूक निबंधभर दहा ठिकाणी असली, तरी ती एका गटात धरून एकदाच गुण वजा करता येतात. कागदावर दहाव्या लाल रेघेपर्यंत पोचल्यावर मन आपोआप कठोर होतं, आणि आशय चांगला असलेल्या निबंधाला कमी गुण मिळतात. आशय, मांडणी, व्याकरण, शब्द, लेखनचिन्हं यांचे गुण वेगवेगळे ठेवले की हे टळतं. जेएलपीटीत, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत, निबंध लिहायचा नसतोच, त्यामुळे बाहेरचा मापदंड हवा असेल तर जपानमध्ये शिकायला जाणाऱ्यांच्या ईजेयू परीक्षेकडे बघावं लागतं. तिथे ३० मिनिटांत ४०० ते ५०० अक्षरांचा लेख असतो आणि त्याला ५० गुण. वरच्या वर्गासाठी मी तीच मर्यादा धरते.

बाकी गोष्टी थोडक्यात. बरोबर उत्तराला हिरवी बरोबरची खूण आपोआप पडते, ती बंद करा. जपानमध्ये बरोबर म्हणजे गोल, आणि आपली बरोबरची खूण तिथे चुकीसाठी वापरतात. पुढे तिकडे शिकायला गेलेला विद्यार्थी गोंधळेल. खुणांच्या यादीत आपलं चित्र घालता येतं, म्हणून मी गोल घातला, आणि उत्तम निबंधासाठी पाकळ्यांचा गोल, म्हणजे हानामारु. मोठी मुलंसुद्धा हानामारु मिळाला की खूश होतात. उभ्या गेन्कोयोशीचा, म्हणजे अक्षरांसाठी घरं आखलेल्या कागदाचा, फोटो तपासताना शेऱ्यांचा क्रम डावीकडून लागतो, वाचायचं उजवीकडून असतं, त्यामुळे शेवटचा शेरा पहिला येतो. अक्षरं मोजताना परिच्छेदाच्या सुरुवातीचं रिकामं घर धरलं जात नाही, म्हणून ४०० घरांच्या कागदाशी आकडा जुळत नाही. आणि सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांचेही पैसे लागतात, त्यांची नावं स्वतः काढेपर्यंत. हे कुठेच ठळक लिहिलेलं नाही. सत्र संपलं की आधी यादी साफ करा.

आकाराच्या प्रश्नावर मी सध्या काय करते ते सांगते. निबंधाचा कोरा नमुना पाठ्यपुस्तकी वळणाच्या फॉन्टमध्ये बनवून, पीडीएफ करून चढवते. फॉन्ट फाइलमध्येच बसतो, त्यामुळे फोन कुठलाही असो, अक्षर तेच दिसतं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूडी डिजिटल क्योकाशो हा फॉन्ट मिळतो, आणि क्ली वन फुकट आहे. याचा आणखी फायदा हिरागानात, म्हणजे जपानीच्या उच्चारानुसारी अक्षरमालेत, होतो. छापील फॉन्टमध्ये 'सा' आणि 'कि'च्या रेघा जोडलेल्या दिसतात, हाताने लिहिताना त्या सुट्या असतात, आणि नवशिकी मुलं जोडलेलं बघून तसंच काढतात. शेऱ्यात ज्या कांजीबद्दल बोलायचं असेल ती टाइप करत नाही, पेनच्या साधनाने लाल रंगात हाताने काढते. चित्र म्हणून जातं, त्यामुळे फॉन्ट मध्ये येत नाही. उरलेले शेरे, 'काकिनाओशिते'सुद्धा, सुरुवातीच्या वर्गांना हिरागानात लिहिते.

वर्गणी भरणार आहे, पण फक्त मधल्या आणि वरच्या वर्गांसाठी. सुरुवातीचे वर्ग कागदावर आणि लाल पेनावर परत आणणार आहे. तिथे पैसे वाचतात, आणि मुलांसमोर माझ्या हाताचं अक्षर राहतं. शेऱ्याची चौकट आणि पीडीएफ दुरुस्त होईपर्यंत तक्रार उघडी ठेवणार आहे. तुमच्याकडे दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असेल तर आजच एक शेरा जपानी नसलेल्या फोनवर उघडून 'नाओ'चा तळ बघा.