डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्र घेऊन खेळायचा टेबलटॉप खेळ) २०२४ चं प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक): मल्टिक्लासवाल्यांनी घ्यावं का?
फायटर-रोग मल्टिक्लास (एकाच पात्रात दोन क्लास, इथे लढवय्या आणि चोर) खेळत असाल तर नुसत्या वेपन मास्टरीसाठी (प्रत्येक शस्त्राची खास करामत) घेतलं तरी पैसे वसूल. एका हातात शॉर्टसोर्ड घ्या, त्याचं व्हेक्स म्हणजे वार बसला की त्याच शत्रूवर पुढच्या वाराला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा), म्हणजे स्नीक अटॅकची (रोगचा जादा इजा करणारा वार) सोय झालीच, आणि दुसऱ्या हातात सिमिटर (वाकडी तलवार), त्याच्या निकमुळे जादाचा वार अटॅक अ‍ॅक्शनमध्येच (पाळीतल्या मुख्य हल्ल्यातच) उरकतो न् बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली जादाची छोटी कृती) सटकायला मोकळी. रेपियरचा डी८ (इजेसाठीचा आठ बाजूंचा फासा) बघून भुलू नका, ते लाइट (दोन हातांत दोन शस्त्रं चालवता येतील असं हलकं) नाहीये. लाँगसोर्ड तर फिनेसपण (ताकदीऐवजी चपळाईने चालवता येणारं) नाही, स्नीक अटॅक विसराच (दिसतं भारी, ते सोडा). वैताग एकच, मल्टिक्लासचे नियम दुसऱ्या चॅप्टरमध्ये आणि शस्त्रांचा तक्ता सहाव्यात, बसा पानं उलटत. आणि हो, दोन क्लासचे एक्स्ट्रा अटॅक (एकाच पाळीत जादाचा हल्ला) एकत्र होत नाहीत, मंक (आणखी एक क्लास) जोडायच्या आधी ते वाचा.