'टर्न' की 'रोटेट'?

फिरणं-वळणं इंग्रजीत सांगताना 'टर्न' घ्यावा की 'रोटेट', असा एकाचा पेच.

आवाका पाहिला तर 'टर्न' अघळपघळ. डावीकडे वळणं, पान उलटणं, खेळातली पाळी, सगळीकडे तोच. मागे शेपूट लागलं की अर्थच पालटतो: 'टर्न डाउन' म्हणजे आवाज कमी करणं आणि नकार देणंही! शिकणाऱ्याची दमछाक इथेच होते.

'रोटेट' सरळमार्गी. आसाभोवती फिरणं किंवा आळीपाळीनं बदलणं, बस्स. पृथ्वी स्वतःभोवती 'रोटेट' होते. सूर्याभोवती मात्र 'रिव्हॉल्व्ह'.

फोटो ९० अंशांत फिरवायचा, कामाच्या पाळ्या बदलत्या ठेवायच्या, तर 'रोटेट'. रस्ता सांगताना 'टर्न'च; तिथे 'रोटेट' म्हणालात तर समोरचा जागेवरच गिरकी घेईल.