‘लिंडा’ ते ‘आर्या’: अमेरिकी सरकारच्या नावांच्या संकेतस्थळाविषयी

अमेरिकेत बाळाचे नाव बारशापर्यंत थांबत नाही, ते जन्मदाखल्यासाठी बहुधा रुग्णालयातच सांगावे लागते. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या माझ्या भाचीने सातव्या महिन्यातच तेथील सोशल सिक्युरिटी प्रशासनाच्या (निवृत्तिवेतन वगैरे सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या) नावांच्या संकेतस्थळाचा दुवा पाठवला आणि ‘मावशी, तूच बघून सांग’ असे लिहिले.

हे संकेतस्थळ विनामूल्य आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि नावांचे अर्थ, राशी किंवा शुभाक्षरेही नाहीत. सोशल सिक्युरिटी कार्डासाठी आलेल्या अर्जांवरून १८८० पासूनच्या प्रत्येक जन्मवर्षी कोणते नाव किती बाळांना ठेवले आणि त्यानुसार ते कितवे आले, याची आकडेवारी येथे मांडलेली आहे. १९३७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांनी असा अर्ज कधी केलाच नाही, त्यामुळे ते या मोजणीत नाहीत, ही उणीव संकेतस्थळ स्वतःच सांगते, हे मला आवडले.

मी चाचणीसाठी ‘लिंडा’ हे नाव घेतले. १८८० पासून सलग पहिल्या क्रमांकावर असलेल्या ‘मेरी’ला १९४७ मध्ये ‘लिंडा’ने खाली खेचले आणि १९५२ पर्यंत ते स्थान राखले. बडी क्लार्कने गायलेले ‘लिंडा’ हे गाणे १९४७ मध्येच गाजले, त्यामुळे श्रेय बहुतेक वेळा त्या गाण्याला दिले जाते. परंतु १९४६ च्या यादीत हे नाव आधीच दुसरे आहे, म्हणजे चढत्या नावाला गाण्याने फक्त जोर दिला, असे मला वाटते. संकेतस्थळ मात्र कारणांच्या वाटेला जातच नाही.

माझा खरा आक्षेप क्रमांकांवर दिलेल्या भराला आहे. १९४७ मध्ये जवळजवळ एक लाख मुलींचे नाव ‘लिंडा’ ठेवले गेले, म्हणजे शंभरातील पाचांहून अधिक मुलींचे. २०१९ पासून पुढची काही वर्षे पहिल्या आलेल्या ‘ऑलिव्हिया’चा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. दोघी पहिल्याच, पण जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादी लिंडा बसत असेल तेथे आज चार-पाच वर्गांत मिळून एखादी ऑलिव्हिया सापडली तर सापडली. नाव ‘फार झाले’ म्हणून ते टाळणाऱ्या आईवडिलांनी वार्षिक यादीतील टक्केवारीचा पर्याय निवडावा, नाहीतर उगाच भीती वाटते.

आपल्या लोकांसाठी आणखी एक सापळा आहे. ‘आर्या’ हे नाव गेल्या दशकात त्या यादीत झपाट्याने वर गेलेले पाहून भाचीला वाटले, मराठी घरे वाढली. वस्तुतः त्याला २०११ मध्ये सुरू झालेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका आणि तिच्यातील आर्या स्टार्क अधिक कारणीभूत असावी. शिवाय स्पेलिंगमधील एक अक्षर बदलले की नाव वेगळे मोजले जाते, त्यामुळे उच्चाराने एकच असलेली नावे यादीत विखुरतात. आणि पहिल्या हजारात नसलेल्या नावासाठी शोधखिडकी सरळ हात वर करते.

भाचीने शेवटी निवडलेल्या नावाचेही तसेच झाले. मग मी वर्षवार फाइलींचा संच उतरवून घेतला, ज्यात त्या वर्षी किमान पाच बाळांना दिलेले प्रत्येक नाव असते. आमचे नाव तेथे, पार तळाशी, होते.