एमएस२ की जीएफपी रिपोर्टर? जिवंत भ्रूणातलं जनुक-नियंत्रण पाहायचं तर

नाशिकच्या कॉलेजात हा प्रकल्प घ्यायचा तर साधारण दोन वाटा आहेत: फळमाशीत एमएस२ (बनत असलेला आरएनए चमकत्या ठिपक्याने दाखवणारी पद्धत) किंवा झेब्राफिश या छोट्या माशात जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) रिपोर्टर. निवड प्राण्यावरून नको, घड्याळावरून करा.

रिपोर्टरमध्ये जनुकाच्या एन्हान्सरला, म्हणजे ते कुठे-कधी सुरू व्हावं हे ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, जीएफपी जोडतात. आधी एमआरएनए, मग प्रथिन, मग ते चमकण्याइतकं पक्व होणं. यात अर्धा-एक तास सहज जातो. शिवाय जीएफपी चिवट, त्यामुळे जनुक बंद झालं तरी पेशी हिरवीच. मुद्दाम अल्पायुषी केलेल्या डी२ईजीएफपीचंही अर्धायुष्य सुमारे २ तास. जनुक कुठे सुरू आहे हे तासांच्या हिशेबात हवं असेल तर एवढं पुरतं. पण माशीच्या भ्रूणातली दहावं ते तेरावं ही केंद्रक-चक्रं (केंद्रकं दुप्पट होण्याच्या फेऱ्या) जेमतेम ८ ते २० मिनिटांची, तिथे ते निरुपयोगी.

एमएस२मध्ये जनुकाच्या आरएनएत बहुधा २४ स्टेम-लूप (आरएनए स्वतःवर दुमडून होणारे फास) घालतात. त्यांना चिकटणारं एमसीपी-जीएफपी (जीएफपी जोडलेलं एमसीपी हे प्रथिन) मादीने अंड्यात आधीच तयार ठेवलेलं असतं, म्हणून ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) सुरू होऊन लूप बाहेर पडताच केंद्रकात ठिपका उमटतो. माशीच्या हंचबॅक नावाच्या जनुकावर २०१३ मध्ये हे करून दाखवलं गेलं. लूप जनुकाच्या सुरुवातीला असतील तर ठिपका लवकर आणि ठळक दिसतो, शेवटाला असतील तर उशिरा आणि फिका. क्रॉस (नर-मादीची जोडी) उलटा लावून एमसीपी नराकडून दिलं, तर सुरुवातीच्या चक्रांत काहीच दिसत नाही. एमसीपी कमी पडलं की ट्रान्सक्रिप्शन वाढूनही ठिपका वाढत नाही. जास्त झालं की पार्श्वभूमीच उजळते. एमसीपीच्या जनुकाच्या एक आणि दोन प्रती वापरून पडताळा घ्याच.

अंड्याचं कवच काढायला बाजारातलं ब्लीच निम्मं पाण्याने पातळ करा, १ ते २ मिनिटं. अंड्यावरच्या दोन शिंगांसारख्या काड्या गेल्या की थांबा आणि भरपूर पाण्याने धुवा. मग हॅलोकार्बन तेल, खाली हवा जाऊ देणारा पडदा. तेलाआधी सुकलेलं भ्रूण चेपतं, ते टाकून द्या. लेझर झेपला की नाही याचा खरा पुरावा म्हणजे चित्रण झालेल्या भ्रूणातून २५ अंशांवर साधारण दिवसभराने अळी बाहेर येणं.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकासाठी पुण्याला जावं लागणार असेल, तर रस्ता २१० किलोमीटरच्या आसपास, आणि इथे झेब्राफिश सोपा. सकाळची अंडी ई३ पाण्यात (भ्रूणांसाठीचं क्षारांचं द्रावण) थर्माकोलच्या डब्यातून न्या. डिसेंबरच्या पहाटे गारठ्याने वाढ रेंगाळते. २४ तासांच्या आत रंगद्रव्य रोखायला ०.००३ टक्के पीटीयू, दुसऱ्या दिवशी भ्रूण स्थिर धरायला १ टक्का लो-मेल्ट अगारोज आणि भूल द्यायला लिटरला १६८ मिलिग्रॅम ट्रायकेन.

माशीची अंडी मात्र वाटेतच ती सुरुवातीची केंद्रक-चक्रं ओलांडतील. प्रौढ माशा पिंजऱ्यासह न्या आणि अंडी तिथेच घ्या. त्यासाठी द्राक्षरसाच्या अगर प्लेट लागतात. द्राक्षांना नाशिकात तोटा नाही, पण फवारणीचा अंश राहिला तर माशा मरतात. स्वच्छ धुतलेली घ्या, नाहीतर सरळ सफरचंदाचा रस वापरा. आणि एप्रिल-मेमध्ये इनक्युबेटर २५ अंशांवर टिकत नसेल तर क्रॉस लावूच नका. ३० अंशांच्या वर नर वांझ होऊ लागतात.