वर्तकनगरला घरी येऊन लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला

ठाण्यात नौपाड्यातल्या या दुकानाला पाच तारे देतेय. माणूस उशिरा आला म्हणून एक कापणार होते, पण काम पाहून हात धजला नाही.

मी घरी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. मुलाचा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्याला टेबलाशी बसवत नाही. म्हणून त्याचा गेमिंग लॅपटॉप हॉलमधल्या ४३ इंची फोर-के (खूप बारीक ठिपक्यांच्या चित्राच्या) टीव्हीला जोडायचं ठरलं. मलाही शिकवताना नकाशे मोठे दाखवता आले असते. सेट-टॉप बॉक्सची जुनी एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज टीव्हीपर्यंत नेणारी) ड्रॉवरमध्ये होती, तीच लावली. चित्र आलं, पण खालचा टास्कबार अर्धा पडद्याबाहेर, ओल्या कागदावर शाई फुटावी तशी अक्षरं फुटलेली, आणि माउसचा बाण हाताच्या मागून रेंगाळत यायचा. क्रिकेटच्या गेममध्ये चेंडू यष्ट्यांवर जाऊन आदळला तरी बॅट वरच.

आधी जवळच्याच एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत निकाल दिला: लॅपटॉपचं पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची जागा, गेलंय, आतला मदरबोर्ड उघडावा लागेल, ६,५०० रुपये. माझं मन धजावलं नाही. मग शेजारच्या वहिनींनी नौपाड्यातल्या या दुकानाचा नंबर दिला.

पाचला येतो म्हणाले होते, दुकानातले दादा आले साडेसातला. तीन हात नाक्यापासून कॅडबरी जंक्शनपर्यंत पावसात अडकले होते, हे मला पटतं. पण एक फोन करायला हवा होता.

आल्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं. ‘‘काकू, दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवलंत, म्हणून टीव्हीला लॅपटॉपच्या मापात बसावं लागतंय.’’ फक्त टीव्हीवर चित्र ठेवून रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, फोर-के केलं. टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइझ ‘स्क्रीन फिट’वर नेला, तसा टास्कबार सबंध दिसू लागला. टीव्ही चित्र किंचित ताणून त्याच्या कडा कापत होता, एवढंच.

मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून मुलाला आकडा वाचायला लावला: ३० हर्ट्झ. सेकंदाला चित्र फक्त ३० वेळा बदलत होतं, लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर ते १४४ वेळा बदलतं. यादीत ६० चा पर्यायच नव्हता. टीव्हीत त्या पोर्टचा सिग्नल ‘स्टँडर्ड’ होता, तो ‘एन्हान्स्ड’ केल्यावर ६० आलं. आलं खरं, पण दर मिनिटाला पडदा काळा होऊन परत यायचा. इथे केबलचा दोष उघड झाला. फोर-के ३० हर्ट्झचं जुन्या केबलवर भागतं, ६० ला सेकंदाला १८ गिगाबिट माहिती पेलणारी केबल लागते. पिशवीतली त्यांची केबल लावली आणि पडदा काळा होणं थांबलं.

त्यांच्याकडे ४८ गिगाबिटची महागडी केबलही होती. मी तीच द्या म्हणाले, तर त्यांनी दिली नाही. ‘‘तुमचा टीव्ही ६० च्या वर जात नाही, पैसे कशाला घालवता?’’ ही एक गोष्ट मला फार मोलाची वाटली.

तरी काळ्यावरची लाल अक्षरं अजून पसरटच होती. त्यांनी इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत अक्षरांच्या कडा रेखीव झाल्या. टीव्ही त्या पोर्टवर सिनेमा चाललाय असं धरून रंगांचा बारीक तपशील गाळतो, पीसी म्हटलं की गाळत नाही. मी लगेच महाराष्ट्राचा नकाशा उघडला. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा, मागच्या खुर्चीवरून वाचता आलं. गेमसाठी गेम मोड चालू करून दिला, त्याने बाणाचं रेंगाळणं गेलं. गेमच्या आतलं रिझोल्यूशन मात्र फोर-केहून कमी, १०८० पीच ठेवायला सांगितलं, फोर-केचा भार लॅपटॉपमधल्या चित्र बनवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला झेपणार नाही. खेळताना चार्जर लावलेला हवा, आणि लॅपटॉप टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवायचा नाही, त्याला वारा लागतो, हेही बजावलं.

निघण्यापूर्वी त्यांनी सगळं काढलं आणि मुलाला पुन्हा जोडायला लावलं. तो दिवाणावर बसून रिमोट चालवतोय, दादा उभे राहून बघतायत, चुकला तरी हात लावत नाहीत. प्रत्येक सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लावला. घरी येण्याचे ४०० आणि केबलचे ७५० घेतले. बिल मागितल्यावर दिलं, ते न मागता द्यावं.

मागच्या आठवड्यात सेट-टॉप बॉक्सवाल्याने वायरी उपसल्या आणि आमची केबल दुसऱ्या पोर्टला लावून गेला. पुन्हा ३० हर्ट्झ, पुन्हा फुटलेली अक्षरं, कारण ही सेटिंग्ज पोर्टागणिक वेगळी असतात. मी फोन हातात घेतलाच होता. मुलगा म्हणाला, ‘‘आई, थांब, फोटो आहेत.’’ शिकवणीची मुलं सहाला आली तेव्हा नकाशा लागलेला होता.