अभ्यासिकेत ३ अ‍ॅक्सेस पॉइंट, ८ महिन्यांनंतर

सदाशिव पेठेत आमची अभ्यासिका आहे, दोन मजले, ७० खुर्च्या, बहुतेक पोरं एमपीएससीची. म्हणजे ७० मोबाईल आणि वर तीसेक लॅपटॉप. आधी चार शिंगांचा एकच राउटर होता, संध्याकाळी ७ नंतर तो मान टाकायचा. शेवटी छताला लावायचे ३ वायफाय ६ वाले अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) आणि एक पीओई स्विच (नेटच्याच वायरीतून त्यांना वीज देणारा) घेतला.

दुकानदार वायफाय ७ च घ्या म्हणून मागे लागलेला. पण आमची लाइनच ३०० एमबीपीएसची, आणि पोरांकडे ७ वाला एकही फोन नाही, मग कशाला. वायफाय ५ थोडं स्वस्त पडत होतं पण ते फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालतं, २.४ वर जुनं एन, म्हणजे वायफाय ४च राहतं. ६ दोन्हीकडे चालतं आणि खूप जण एकदम असले की जागा वाटून देतं, आमचा त्रास तोच होता. अर्थात ज्याचा फोनच जुना त्याला नव्या डब्याने वेग वाढत नाही, हे दोन पोरांना समजावताना माझा घसा बसला.

पहिला महिना वैताग होता. मी हौसेने तिन्हीची पॉवर फुल ठेवलेली. झालं असं की खालच्या मजल्यावर बसलेला पोरगा वरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटलाच चिकटून, कांड्या फुल दिसतात आणि पेज उघडत नाही. डब्याचा आवाज फोनपर्यंत येतो हो, पण फोनचा आवाज उलट पोचत नाही ना, आणि कधी सोडायचं हे शेवटी फोनच ठरवतो. मग २.४ ची पॉवर लो केली, ५ ची मीडियम, २.४ चे चॅनल १, ६, ११ असे वाटून दिले आणि ५ च्या चॅनलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर आणली. ४० वर फोनची लिंक ५७४ एमबीपीएस दिसते, लाइन ३००ची, अजून काय पाहिजे? तक्रारी जवळपास बंद झाल्या, एक रुपया न घालवता.

घोळ मीही घातले. एकदा सकाळी ११ ला कंट्रोलरमधलं (तिन्ही डबे सांभाळणारं सॉफ्टवेअर) ‘ऑप्टिमाइझ’ बटण सहज दाबलं, तिन्हींनी एकदम चॅनल बदलले, आणि वर १२ जणांची ऑनलाइन मॉक टेस्ट चालू होती. त्या दिवशी चहा माझ्याकडून. आता ते पहाटे ४ ला शेड्यूल केलंय. कंट्रोलर जुन्या लॅपटॉपवर आहे, तो झोपला तरी वायफाय चालू राहतं पण व्हाउचरचं लॉगिन पेज येत नाही, त्यामुळे त्याची स्लीप सेटिंग आधी बंद करा. डब्ल्यूपीए३ (वायफायच्या पासवर्डची नवी सुरक्षा पद्धत) लावलं तर जुना प्रिंटर जोडायलाच तयार नव्हता, शेवटी २ आणि ३ मिक्स ठेवलं.

पीओईवर मात्र मी जाम खूश आहे. डब्यापर्यंत एकच वायर, अ‍ॅडाप्टरची लटकंती नाही. स्विच आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर टाकलाय, गुरुवारी लाइट गेली तरी नेट चालू. पंखे बंद असतात, पण पोरं उठत नाहीत.

जिन्यातला कोपरा अजून डेड आहे, जुन्या वाड्याची भिंत दीड हात जाड. तिथे चौथा लावायचा विचार होता, पण तिथे बसून पोरं घरी फोन करतात, नेट मागत नाहीत, म्हणून राहू दिलंय.